रिकाम्या घराचं वजन

५ जानेवारी

ही डायरी औषधवाल्याने फुकट दिली. फुकटची वस्तू वाया घालवायची नाही म्हणून लिहायला बसलोय. नाहीतर माझ्या दिवसात लिहून ठेवण्यासारखं असतं काय? उठलो, जेवलो, झोपलो, एवढ्यासाठी डायरी कशाला, भिंतीवर एक रेघ ओढली तरी भागतं.

आज रविवार, म्हणून मुंगीचा फोन. मुंगी म्हणजे माझी मुलगी. बत्तीस वर्षांची झाली ती, लांबच्या शहरात मोठ्या ऑफिसात आहे. पण चार-पाच वर्षांची असताना मी तिला एकदा कामावर नेलं होतं. मी ट्रकांच्या वजनकाट्यावर होतो, नोकरीची सगळी वर्षं. ही बया त्या एवढ्या मोठ्या काट्यावर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझं सांगा. तो काटा वीस किलोच्या खाली दाखवायचाच नाही. आकडा आला शून्य. तिने जे भोकाड पसरलं, ड्रायव्हर लोक गाड्यांतून उतरून बघायला आले. मी म्हटलं, अगं, मुंगीचं वजन कुठे येतं काट्यावर? तेव्हापासून मुंगी.

फोनवर नेहमीचंच. जेवलात का बाबा? जेवलो, तू? जेवले. थंडी आहे का? आहे. मग दोन्हीकडे गप्प. मग ठेवू का, ठेव.

ही, म्हणजे मुंगीची आई, होती तेव्हा फोन हिच्याकडे असायचा. मी मागून ओरडून एखादं वाक्य टाकायचो. इतकी वर्षं मला वाटत होतं की मी मुलीशी बोलतो.

१२ जानेवारी

आज मी धीर करून विचारलं, "तू तिथे नेमकं करतेस तरी काय?" बापाने हे विचारायला मुलीची नोकरी लागून सात वर्षं व्हावी लागली.

तर तिचं काम असं. एखादा कारखाना किती वीज वापरतो, किती कोळसा, किती डिझेल, त्यावरून वर्षभरात त्याने हवेत किती कार्बन वायू सोडला हे काढायचं. किलोत, टनात. त्याला म्हणे कार्बनचा पायठसा म्हणतात.

"म्हणजे तूही वजनच करतेस की," मी म्हटलं.

ती हसली. मोकळी हसली, अगदी हिच्यासारखी. म्हणाली, "हो की, बाबा. मी काटेवालीच झाले." मग म्हणाली, घराचंही काढता येतं, तुमच्या घराचं काढा बघू. ती बहुधा गंमत करत होती. मी म्हटलं, कसं काढायचं ते सांग, मी कागद-पेन घेऊन बसलोय.

आज फोन लांबला. शेवटी तिकडे काहीतरी पीं पीं वाजलं, तिचं जेवण गरम झालं होतं. दुपार टळून गेल्यावर जेवते. मित्रमैत्रिणींत असणार, सुट्टीच्या दिवशी वेळेचं भान कुठलं.

१५ जानेवारी

मुंगीने हिशेबाची रीत पाठवली. विजेच्या एका युनिटला साधारण पाऊण किलो वायू. आणि चौदा किलोच्या गॅस सिलिंडरला बेचाळीस किलो.

हे काही माझ्या डोक्यात शिरेना. चौदा किलो भरले आणि बेचाळीस किलो उतरले? माझ्या काट्यावर असं झालं असतं तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो. रविवारची वाट न बघता तिला लिहून विचारलं. तिचं लगेच उत्तर आलं: बाबा, जळताना तो हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो, ते वजन वर चढतं. म्हणजे वाटेत माणसं चढवल्यासारखं. आता पटलं.

हे शेजारच्या सिस्टरना सांगितलं. सिस्टर म्हणजे इस्पितळातून निवृत्त झालेल्या नर्स, समोरच्या दारात राहतात, त्याही एकट्याच. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही दाढी कधी केली होती?" विषय काय, बाईचं लक्ष कुठे.

१८ जानेवारी

आमच्या कामाचा एकच नियम होता, आधी रिकाम्याचं वजन. रिकामी गाडी किती ते कळलं नाही तर भरलेल्या गाडीचा आकडा कवडीमोलाचा.

तेव्हा आज घर रिकामं केलं. म्हणजे सगळी बटणं बंद केली आणि जिन्याखाली मीटरसमोर स्टूल टाकून बसलो. मीटरवर बारका लाल दिवा असतो, वीज वापरली जात असली की तो लुकलुकतो. सगळं बंद करूनही तो लुकलुकत होता. हळूहळू, पण होता. वर गेलो, शोधलं. टीव्हीचा डबा. टीव्ही बंद केला तरी आतल्या आत जागाच. मुळासकट काढला. मग एकेक वस्तू लावून खाली येऊन दिवा बघायचा, परत वर. जिना चढून चढून मणक्याने दावा मांडला, पण दिवस कसा गेला कळलं नाही. येणारे जाणारे बघत होते. बघेनात का.

१९ जानेवारी

मुंगीला फ्रिज, गीझर आणि टीव्हीचा डबा सांगितला. पंखे आणि इस्त्री मुद्दाम पुढच्या रविवारसाठी ठेवली. सगळं एकदम ओतून टाकलं की पुढच्या वेळी बोलायचं काय?

ती म्हणाली, "गीझर एवढा कसा, बाबा? एका माणसाला?"

मी सांगितलं की पहिल्यापासून तेवढाच वेळ लावतो. मी अंघोळ करायचो, मग ही. ती हं म्हणाली आणि काही लिहीत राहिली. मागे बटणांचा टकटक आवाज येत होता. रविवारी पण ऑफिसात जाऊन बसते, तिथे शांत असतं म्हणे. हौशी आहे कामाची.

९ फेब्रुवारी

एप्रिलमध्ये यायचा विचार आहे म्हणाली. दोन आठवडे. ही गेली तेव्हा आली होती, त्यानंतर आता.

मी म्हटलं, "बघ, जमलं तर."

फोन ठेवला आणि तिच्या खोलीचा माळा आवरायला घेतला. सिस्टर आवाज ऐकून आल्या. म्हणाल्या, मणका मोडून घ्यायचाय का? मी म्हटलं, मुलगी येतेय. त्या म्हणाल्या, "एप्रिलमध्ये ना? अजून दोन महिने आहेत, भाऊ." आहेत तर आहेत. गादीला ऊन दाखवलं, खिडकीची कडी बसवली. ती कडी तिच्या कॉलेजपासून मोडलेली होती. आज सुचलं.

१६ फेब्रुवारी

माझं वर्षाचं घर निघालं सातशे किलो. वीज आणि गॅस मिळून. मुंगी म्हणाली, फार कमी आहे बाबा, तुमच्यासारखे सगळे असते तर माझी नोकरी गेली असती. चार वेळा आरशासमोर उभा राहून हे वाक्य मनात म्हटलं. म्हातारपणी माणूस असा सोकावतो.

आता घर तर संपलं. पुढच्या रविवारी तिला काय द्यावं या विचारात आहे. काहीतरी मोठं हवं.

२३ फेब्रुवारी

सापडलं होतं मोठं. तिचं येणं.

तिच्या शहरापासून इथवर विमानाचं अंतर काढलं, येऊन-जाऊन सहा हजार किलोमीटर. तिनेच दिलेल्या रीतीने माणशी एक टन. आठवडाभर खपून तीनदा ताळा केला. आज फोन आल्या आल्या म्हटलं, "ऐक, आज तुझं वजन केलंय. माझं अख्खं वर्षाचं घर सातशे किलो, आणि तू दोन आठवडे येणार तर एक टन. म्हणजे तुझ्या एका खेपेत माझं वर्ष आणि वर पाच महिने."

मला वाटलं हसेल. तिकडे बटणं टकटकली, ती ताळा करत होती.

मग म्हणाली, "आकडा बरोबर आहे, बाबा."

मी म्हटलं, "आहेच."

"मग तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? आकडा तो आकडा."

"आगगाडीने आले तर जायला तीन दिवस, यायला तीन. निम्मी रजा गाडीतच जायची. मग यंदा राहू दे का?"

मी म्हटलं, "तुझं तू बघ."

ती म्हणाली, बरं. मग ठेवला.

आता हे लिहिताना सारखं मनात येतंय की ती परत फोन करेल आणि म्हणेल, चेष्टा केली बाबा, तिकीट काढलंय. दिवसभर फोन खिशात घेऊन फिरलो. संडासातसुद्धा.

२ मार्च

तिने तिकीट काढलं नाही. म्हणाली, तुमचा आकडा पटला. शिकलेली मुलगी आहे, तत्त्वाची आहे, तिच्या कामात हे बसतं. मला अभिमानच वाटायला हवा.

मी तिकडे जावं म्हटलं तर तिची एकच खोली. आणि तीन दिवसांचा बाक माझ्या मणक्याला झेपायचा नाही. मग असो.

सिस्टरना सांगितलं की यंदा येत नाहीये, विमानाचा फार वायू होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही पोरीला येऊ नको म्हणालात."

"मी असं म्हणालोच नाही. मी फक्त आकडा सांगितला."

"तेच."

मी दार लावून घेतलं. बाईने आयुष्यभर लोकांना सुया टोचल्या, निवृत्त झाली तरी हात स्वस्थ राहत नाही.

४ मार्च

विमान तर जाणारच आहे. ती बसली काय आणि नाही बसली काय. मग एक टन तिचा कसा? दोन दिवस या हिशेबावर बसलोय. पण मला माहीत आहे की हे खोटं आहे. ट्रकवालेही असंच म्हणायचे, साहेब, गाडी तर जाणारच होती, वरची दहा पोती धरू नका. मी एकाचंही ऐकलं नाही. आता मुलीसाठी काट्यावर अंगठा ठेवू?

९ मार्च

फोन छोटाच झाला. जेवलात का, जेवलो.

मी सांगितलं की टीव्ही आता लावतच नाही. दिवसभर उगाच बडबडत असायचा, बघत कोण होतं? वाचले पाच-सहा युनिट. ती म्हणाली, "मग दिवसभर करता काय?" म्हटलं, मीटर बघतो.

टीव्हीविना घर फार शांत झालंय. चांगलंच आहे. नळाची गळती इतके दिवस ऐकू आली नव्हती.

१५ मार्च

फ्रिज बंद केला. घरातलं सगळ्यात मोठं ओझं तेच होतं आणि आत होतं काय, अर्धी वाटी दूध आणि एक लिंबू. एवढ्या दोन उतारूंसाठी अख्खी गाडी चोवीस तास चालवायची. आता चहा कोराच घेतो, सवय होते. गीझरही बंद. गार पाण्याने माणूस ताजा राहतो.

सिस्टर भाजी घेऊन आल्या होत्या. ठेवायला फ्रिज नाही म्हणून परत दिली.

२३ मार्च

मंगळवारी गॅस संपला. दुसरा सिलिंडर आहे, लावला नाही. पाव आणतो. पावाला काय जाळावं लागतं? बेकरीवाल्याने जाळलंय, ते त्याच्या खात्यात.

अंधार पडला की पडतो. दिवा लावून बघायचं काय आहे? मुंगीला आज आकडे दिले नाहीत. महिना पूर्ण झाला की एकदम देईन, चकित होईल. युनिट इतके खाली आलेत की मी दोनदा चष्मा पुसून मीटर वाचलं.

३० मार्च

मुंगीला महिन्याचा आकडा सांगितला. पहिल्या पंधरवड्यात पंचवीस युनिट, दुसऱ्यात दोन. जानेवारीत महिन्याला साठ होते. गॅस बारा दिवस शून्य.

वाटलं शाबासकी देईल. तिने वेगळंच धरलं.

"फ्रिज?"

"बंद."

"जेवताय काय?"

"पाव. केळी."

"दिवे, बाबा?"

"लागत नाहीत. लवकर पडतो."

"सिस्टरकाकूंकडे जाता का कधी?"

"त्यांच्याकडे जेवलो तर त्यांचा गॅस जळेल."

ती ऑफिसातल्या आवाजात म्हणाली, "बाबा, आम्ही घरांचीही पाहणी करतो. इतका कमी आकडा आला ना, की आम्ही त्या घरापुढे लिहितो, बंद घर, कोणी राहत नाही. मग ते घर मोजणीतून काढून टाकतो."

मी म्हटलं, "तुमची रीत चुकीची आहे. मी राहतो ना इथे."

"राहता का?" ती म्हणाली.

मला राग आला. मी ठेवून दिला. मुलीचा फोन मी आपणहून कधी ठेवला नव्हता.

१ एप्रिल

दोन दिवस राग चघळला. आज खाली जाऊन मीटरसमोर बसलो. वर होतं नव्हतं ते बंद केलं होतं. दिवा लुकलुकलाच नाही. खूप वेळ बसलो, नाही म्हणजे नाहीच. घराचं रिकाम्याचं वजन शून्य. जानेवारीत मी याच्याच मागे होतो.

काट्यावर एक लबाडी चालायची. भरलेल्या गाडीचं वजन करताना ड्रायव्हर आत बसून राहायचा, आणि रिकाम्या गाडीच्या वेळी हळूच खाली उतरायचा. तेवढाच माल जास्त दिसायचा. मी दर वेळी खिडकीतून बघायचो, ड्रायव्हर कुठे आहे. बसला असेल तर दोन्ही वेळा बसला पाहिजे. त्यात मी कधी फसलो नाही.

आणि इथे घराचं वजन करता करता मीच उतरून गेलो. एकेक वस्तू काढत गेलो, आणि आकडा खाली येतोय याचा आनंद करत बसलो. मुंगीला तिथे बसून दिसलं. मला इथे राहून दिसलं नाही.

स्टुलावरच रडू आलं. सिस्टर पिशवी घेऊन खाली येत होत्या. त्या पिशवी ठेवून पायरीवर बसल्या. मग मी विचारलं, "तिला ये म्हणू का?" तर म्हणाल्या, "मला काय विचारता, भाऊ? मी न बोलावता येतेच आहे की रोज."

२ एप्रिल

मुंगीला फोन केला. बुधवारी, भर दुपारी, तिच्या कामाच्या वेळेत. ती घाबरली. "बाबा, काय झालं? पडलात का?"

"पडलो नाही. एक सांगायचं होतं. तू ये."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

मग म्हणाली, "टन आहे, बाबा."

"मला सांगतेस? मीच मोजलाय. माझ्या नावावर लिही."

"तुम्हाला नको होतं मी यायला. तुझं तू बघ म्हणालात."

"गाढवपणा केला. मला तू यायला हवी होतीस आणि ते सोडून सगळं बोललो."

तिने नाक ओढलं. कुणीतरी काही विचारलं असावं, ती त्यांना म्हणाली, घरचा फोन आहे. मग माझ्याशी म्हणाली, "सगळा नाही तुमच्या नावावर. निम्मा निम्मा करू."

एप्रिलची रजा तिने आधीच दुसऱ्या कुणाला देऊन टाकली होती. आता ऑगस्टशिवाय नाही. ऑगस्ट फार लांब आहे. मी म्हटलं, ऑगस्ट तर ऑगस्ट, पण आवाज माझाच मला ऐकवेना. सिलिंडर लाव म्हणाली, लावतो म्हटलं. फ्रिज चालू कर म्हणाली, करतो म्हटलं. टीव्हीचं काही बोलली नाही.

मग मी सांगून टाकलं. "मुंगी, मला इथे करमत नाही गं."

मला वाटलं आता समजूत घालेल, फिरायला जा म्हणेल, वाचनालय लावा म्हणेल. ती हळू आवाजात म्हणाली, "मलाही इथे नाही करमत, बाबा."

त्यानंतर आम्ही दोघंही काही बोललो नाही, आणि फोन कुणीच ठेवला नाही.